चावी एकच, ती माझ्याकडे

३ मार्च

इस्त्री हातातून पडली. मी टाकली नाही, पडली. दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट होता, त्याच्या बरोब्बर पाठीवर बदामी त्रिकोण उठला. कोट नवा घेऊन द्यावा लागणार.

लेकीने दुपारी हाताच्या डॉक्टरांकडे नेलं. मी कुठली आपण होऊन जातेय. त्यांनी अंगठा दाबला, मनगटावर टिचक्या मारल्या, विचारलं, "किती वर्षं इस्त्री करताय?" म्हटलं, तुम्ही शाळेत होता तेव्हापासून. हसले नाहीत. म्हणाले, मनगटात नस दबलीय. ऑपरेशन छोटंसं आहे, पण नंतर महिनाभर उजव्या हाताने काही उचलायचं नाही. नाही केलं तर अंगठ्याचं मांस झडत जाईल, आणि गेलेलं मांस परत येत नाही.

महिनाभर! मग लाँड्रीचं दुकान कोण चालवणार, ते येणार का गठ्ठे मोजायला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बोटं कधी बधिर होतात ते रोज लिहा म्हणाले. त्यासाठी ही वही. शाळा माझी चौथीत सुटली, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ मला कुणी विचारू नये. डॉक्टरांना वेगळा कागद देईन. हे माझं मला.

४ मार्च

सकाळी बधिर. दुपारी बधिर. झालं लिहून.

५ मार्च

लेक महिनाभर इथेच राहायची आहे. ती कुठे बसून काम करते याने तिच्या कंपनीला फरक पडत नाही म्हणे. दुकानाच्या मागच्या खोलीत सुकवायच्या मशीनला पाठ लावून बसते, ऊब लागते म्हणून. समोर घडीचं टेबल, त्यावर तिचा लॅपटॉप, आणि स्वतःशीच बडबड चालू. या महिन्यात साहेबलोकांपुढे तिला काहीतरी समजावून सांगायचंय. मागच्या वेळी इतकं भराभर बोलली की कुणाला कशाचा कशाला पत्ता नाही, आणि तिचं म्हणणं बाजूला पडलं.

म्हणाली, "आई, तुझ्यापुढे सराव करते. तुला समजलं तर कुणालाही समजेल."

"म्हणजे मी बिनडोक."

"नाही गं. कंटाळलीस की तू लगेच तोंडावर सांगतेस. साहेब सांगत नाहीत, नुसती मान हलवतात."

हे खरं आहे. म्हटलं, बोल. पण उभ्याने बोल, मला इस्त्री करायचीय.

तिने सुरुवातच उलटी केली. मलाच विचारलं, तुझ्या दुकानात काम कसं वाटून देतेस? जणू काही या दुकानात ती रांगली नाही. म्हटलं, सरळ आहे. गठ्ठा आला की एका बाईला द्यायचा. डाग बघण्यापासून घडी घालेपर्यंत तो तिचा. काही बिघडलं तर कुणाचा कान धरायचा ते ठरलेलं असतं.

"आणि मशीन फिरत असतं तेव्हा ती बाई काय करते?"

"थांबते."

"नुसती?"

"थोरली जांभया देते. लांबडी फोन बघते. मौनी मशीनच्या काचेत बघत बसते." या माझ्या तिघी. नावं मीच पाडलीत. थोरली माझ्याहून मोठी, लांबडी छताला लागते, आणि मौनी बोलत नाही.

मग ती म्हणाली, "प्रोग्रामचंही असंच असतं. त्याच्याकडे एकाच वेळी पुष्कळ कामं येतात. एकेक काम म्हणजे एकेक धागा, थ्रेड म्हणतात. ते तुझे गठ्ठे समज. पण गठ्ठा आपण होऊन धुतला जात नाही, त्याला बाई लागते. त्या बायका असतात ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे अख्खं मशीन जिच्या ताब्यात आहे तिच्या. आणि कुठला गठ्ठा कुठल्या बाईच्या हातात द्यायचा ते ठरवतो रनटाइम, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय त्या भाषेचा व्यवस्थापक."

"म्हणजे मी."

"हो. म्हणजे तू."

हे बरं वाटलं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी तिला मोठी मालकीण म्हणते. लेकीने चालवून घेतलं.

"आता एका गठ्ठ्याला एक बाई, ही तुझी रीत. कितीतरी भाषा असंच करतात. साधं, सरळ, भांडण नाही. पण मोठ्या मालकिणीची बाई महाग. तिला बसायला ऐसपैस जागा लागते, आणि एकीला उठवून दुसरीला बसवायचं तर त्यात वेळ जातो. थोड्या गठ्ठ्यांना चालतं. हजारो गठ्ठे आले तर?"

"हजारो आले तर दुकान विकून तुझ्याकडे येऊन राहीन."

लांबडी हसली. तिला म्हटलं, मशीन थांबलंय तुझं, तिकडे बघ.

७ मार्च

शर्टाचं बटण लावताना अंगठा हललाच नाही. दुसऱ्याच कुणाचा अंगठा लावलाय असं वाटलं.

डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाईचा फोन — तारीख देऊ का? म्हटलं, बघू. लेक टेबलावरून नुसती बघत होती. बघू दे.

८ मार्च

सराव दुसरा. आज म्हणाली, दुसरी रीत म्हणजे उलटं टोक. गठ्ठे पुष्कळ, पण बाई एकच. ती एकाला हात लावते, तो ठेवते, दुसऱ्याला लावते. मोठ्या मालकिणीला वाटतं इथे एकच काम चाललंय. खूप स्वस्त. जागा कमी लागते, आणि गठ्ठा बदलायला कुणाला विचारावं लागत नाही.

म्हटलं, हे मला काय सांगतेस. सुरुवातीला मी एकटीच होते की. आपला हात जगन्नाथ.

"आणि मग काय व्हायचं?"

काय व्हायचं! लॉजवाला दारात चादरी मोजत उभा राहिला की सगळं बंद. त्याची मोजणी होईपर्यंत ना इस्त्री, ना धुणं. दोन मशीन घेतली होती, दुसऱ्याला कोळ्याने जाळं केलं.

"बघ, तुझी पोरगी अगदी तेच सांगणार होती," असं म्हणून तिने स्वतःचीच पाठ थोपटली. "एक धागा बाहेरच्या कुणासाठी अडला की खालची एकुलती एक बाई अडते, आणि बाई अडली की सगळे अडतात. आणि चार टेबलं असली तरी इस्त्री एकाच टेबलावर."

थोरली कोपऱ्यातून म्हणाली, "मग मधलं काहीतरी करावं माणसाने."

लेकीने तिच्याकडे असं बघितलं जसं थोरलीने तिचं लग्न जमवलं.

१० मार्च

मधली रीत कळली. गठ्ठे पुष्कळ, बायका मोजक्या. इस्त्रीची टेबलं जितकी साधारण तितक्याच. गठ्ठा कुणाचाच नाही. मशीनमध्ये टाकला, फिरतोय, तर बाईने तिथे काचेत बघत बसायचं नाही, दुसरा उचलायचा. पहिला झाला की जी मोकळी असेल ती घेईल. थांबायचं ते गठ्ठ्याने, बाईने नाही.

मला हे इतकं पटलं की इस्त्री खाली ठेवली. इतकी वर्षं मी तिघींना जांभयांचा पगार देत होते.

लेक म्हणाली, "अगं, पण पूर्ण ऐक—"

म्हटलं, कळलं मला. तिघींना बोलावलं. उद्यापासून कुणाचा गठ्ठा कुणाचा नाही. जी मोकळी ती उचलेल. लांबडी म्हणाली, "ताई, आणि चुकलं तर कान कुणाचा?" म्हटलं, जी जवळ असेल तिचा.

११ मार्च

एक ना धड, भाराभर चिंध्या.

दातांच्या डॉक्टरांचे कोट लांबडीने धुतले आणि मशीनवर ठेवले. मौनीला वाटलं मळके आहेत, तिने परत धुतले. ती सुकवायला टाकायच्या आत थोरलीला वाटलं भिजत घालायचेत, तिने बादलीत बुडवले. तीन वेळा आंघोळ! दुसरीकडे लॉजचा एक टेबलक्लॉथ, रश्शाचा डाग तसाच, कुणी धुतलाच नाही, आणि लांबडीने त्यावर कडक इस्त्री फिरवली. आता तो डाग माझ्याबरोबरच जाईल.

मी सगळ्यांवर ओरडले. मग लेकीवर ओरडले.

ती हसून हसून टेबलावर पडली. म्हणाली, "हेच सांगत होते, तू ऐकलं नाहीस. गठ्ठा बाजूला ठेवताना तो कुठवर आलाय ते त्याच्याबरोबरच ठेवावं लागतं. काय झालं, काय राहिलं, पुढचा हात कुठे लावायचा. आधी ते सगळं तुझ्या बाईच्या डोक्यात होतं, कारण गठ्ठा तिचाच होता. आता बाई बदलणार, मग ते डोक्यात ठेवून कसं चालेल? प्रोग्राममध्ये प्रत्येक छोट्या धाग्याची स्वतःची छोटी थैली असते, त्यात हे सगळं असतं. बाई उचलते, थैलीत बघते, तिथून पुढे."

"हे आधी नाही सांगायचं?"

"आई."

बरं. मीच ऐकलं नाही.

१२ मार्च

चिमटे. कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे आणले. निळा म्हणजे भिजत घातलाय. पिवळा म्हणजे धुतला. हिरवा म्हणजे सुकला, इस्त्री बाकी. लाल म्हणजे डाग आहे, इस्त्री लावाल तर खबरदार. जिने हात काढला तिने चिमटा बदलायचा, मगच दुसरीकडे वळायचं.

मौनी चिमटे लावताना मान वाकडी करून बघते, फुलं माळल्यासारखी.

बोटं सकाळपासून बधिर.

१४ मार्च

चाललं! दोन दिवसांत फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. मशीन फिरतंय आणि एकही बाई नुसती उभी नाही. थोरली म्हणाली, "ताई, जांभईला पण वेळ नाही हो." म्हटलं, घरी जाऊन दे.

एक भांडण झालं, पण ते गमतीचं. तिघींना मी तीन फळ्या दिल्यात, येईल तसे गठ्ठे वाटून ठेवते. मौनीची फळी संपली. ती कुणाला काही विचारेल तर शपथ. गुपचूप गेली आणि लांबडीच्या फळीवरचे अर्धे गठ्ठे उचलून आणले. लांबडी तणतणत माझ्याकडे, "ताई, ही माझं काम चोरते."

मागच्या खोलीतून लेक ओरडली, "बरोबर करतेय ती! असंच करतात! रिकामी झाली की दुसरीच्या फळीवरचं अर्धं उचलायचं, त्याला कामाची चोरीच म्हणतात."

म्हटलं, आमच्यात कामचोर म्हणजे अगदी उलटा माणूस.

लांबडी मौनीकडे वळली. मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी सगळेच चोर म्हणावं. अर्धे कशाला ठेवतेस?" मौनी हसली. दात दिसले तिचे, मी पहिल्यांदा बघितले.

१५ मार्च

दवाखान्यातून परत फोन. सव्वीस तारीख मोकळी आहे म्हणाल्या. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर परत फोन करून नाही म्हटलं. लॉजचं काम असतं महिनाअखेरीला.

लेकीला सांगितलं नाही. भिंतींना कान असतात पण, आणि लांबडीलाही.

१६ मार्च

लेक बोलत नाहीये. ताटातल्या घासाशी बोलल्यासारखी म्हणाली, "अंगठा तुझा आहे." एवढंच.

मी म्हटलं, माझ्याशिवाय दुकानातलं पान हलत नाही. ती ताट उचलून मोरीत गेली.

१७ मार्च

परत बोलायला लागली. साहेबांपुढे बोलायचं जवळ आलं म्हणून असेल, गरज तिला आहे. आज सांगितलं, एखादी बाई बाहेर अडकली तर काय. म्हणजे समजा लांबडी फोनवर लॉजवाल्याच्या तावडीत सापडली. तो सोडत नाही. ती जागेवर आहे पण कामाची नाही. तर तिची फळी ताबडतोब दुसरीला देऊन टाकायची, लागलीच तर मोठ्या मालकिणीकडून नवी बाई मागून घ्यायची. लांबडी सुटली की येईल, तिला दुसरं काहीतरी मिळेल. फळी कुणासाठी अडता कामा नये.

"आणि ती फळीला चिकटूनच बसली असेल तर?"

"तसंही होतं. काही काम असं असतं की धागा बाईच्या हाताला खिळूनच राहतो, सोडवता येत नाही. तिथे मग सगळी हुशारी संपते."

आणखी एक म्हणाली, हे लिहून ठेवते कारण साहेबांना हेच पटवायचंय. गठ्ठे असे मोकळे फिरवले म्हणून इस्त्री वेगाने होत नाही. टेबलं तितकीच, गरम इस्त्र्या तितक्याच. वाचतो तो नुसता थांबण्यातला वेळ. ज्याचं काम थांबण्याचंच जास्त, त्याला या रीतीचा फायदा. जिथे सगळा वेळ इस्त्रीच दाबायची, तिथे काही नाही. तिच्या कंपनीचा प्रोग्राम दिवसभर इतरांच्या उत्तराची वाट बघत बसतो, त्यामुळे त्याला फायदा.

हे तिने सावकाश सांगितलं. पहिल्यांदाच मला कंटाळा आला नाही. तसं तिला सांगितलं नाही, चढून बसेल.

१८ मार्च

घोडं कुठेतरी पेंड खातंय. फळ्या रिकाम्या, मशीन चालू, बायका पळतायत, तरी संध्याकाळी द्यायचे गठ्ठे तयार नाहीत. आधीच्यापेक्षा बरे, पण हवे तितके नाहीत. पिशव्या माझ्या टेबलावर डोंगरासारख्या. माझा हात चालत नाही हल्ली, म्हणून असेल.

१९ मार्च

आज राग आला आणि तो अजून उतरला नाही.

लेकीने शेवटचा सराव केला. या वेळी तिघींना पण बसवलं, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. छान बोलली. तिन्ही रीती सांगितल्या, चिमटे सांगितले, चोरी सांगितली. मग म्हणाली, "आता एक गंमत. काही भाषा अशा आहेत की त्यांच्याकडे बायका भरपूर. मोठ्या मालकिणीकडून रीतसर घेतलेल्या, एका गठ्ठ्याला एक. पण दुकानात चावी एकच. जिच्या हातात चावी तिनेच काम करायचं. बाकीच्या चावीची वाट बघत उभ्या. बाहेर अडकली की ती चावी सोडते, मग दुसरी घेते. म्हणजे बायका चार, पण एका वेळी इस्त्री एकच."

मी म्हटलं, "अशी कुठली बावळट भाषा?"

"बावळट नाही गं. लोक फार वापरतात, फार आवडीने. सुरुवातीला सोयीचंच होतं ते. एकच चावी असली की कुणाचा हात कुणाच्या हातात येत नाही, काही बिघडत नाही. पण मग सगळी घडी त्या चावीवरच बसते, आणि ती काढायची म्हटली की अख्खं घर हलतं."

थोरलीने पदराने तोंड पुसलं. लांबडी छताकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"काय झालं हसायला?"

"काही नाही ताई."

"सांग."

मौनी बोलली! सगळ्या जन्मात बोलली नाही ती आज बोलली. माझ्या टेबलावरच्या डोंगराकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "चावी."

कारण दुकानातून एकही पिशवी मी बघितल्याशिवाय जात नाही. डाग गेला का, ताई बघा. खळ पुरे का, ताई बघा. घडी बरोबर का, ताई बघा. तिघी कितीही पळाल्या तरी शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या. आणि माझा तर अंगठा चालत नाही.

लेक म्हणाली, "आई, मी तुझ्याबद्दल नव्हते बोलत. खरंच."

"मग कुणाबद्दल?"

"भाषेबद्दल."

मी दुकान लवकर बंद केलं. आपलीच पोरगी, आणि नोकरांसमोर!

२० मार्च

काही लिहायचं नाही.

२१ मार्च

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं लेक मला काल रात्री म्हणाली. मी म्हटलं, सुंभ कोण ते नीट सांग. तेव्हा दोघी हसलो. काय करणार. एक तर घर लहान, रुसायला दुसरी खोली नाही.

विचारलं, मग ती चावी काढतात कशी?

"एकदम काढत नाहीत. एका मोठ्या चावीच्या छोट्या छोट्या चाव्या करतात. जिथे खरंच दोघींचा हात एकमेकींत येईल तेवढ्यापुरती एक. बाकी मोकळं."

रात्रभर घोळत राहिलं ते डोक्यात. सकाळी तिघींना सांगितलं. डागाचं शेवटचं थोरली बघेल, तिच्या नजरेतून ढेकूण सुटत नाही. खळीचं आणि घड्यांचं जी करेल तीच बघेल. पिशवी बांधायची मौनी. गिऱ्हाईकाशी बोलायचं लांबडी. मी टेबलावरून उठणार.

लांबडीने विचारलं, "म्हणजे ताई तुम्ही काय करणार?"

मी टेबल पुसायला घेतलं.

२२ मार्च

नुसतं बसणं हे फार कष्टाचं काम आहे. मौनीने एक पिशवी बांधली ती मी उघडून बघितली. थोरली म्हणाली, "अहो, तिकडे बागेत जाऊन बसा बघू."

बागेत गेले. बाकावर माणसं बसली होती. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी बघत बसले. एकाचीही धड नव्हती.

परत आले तर घोटाळा झालेला. लॉजच्या उशीचा अभ्रा दातांच्या डॉक्टरांच्या पिशवीत गेलेला. तेच डॉक्टर, ज्यांचा कोट मी जाळला. ते दारात उभे, हातात अभ्रा. मी तोंड उघडणार इतक्यात लांबडी म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे आलात की झोपायची पण सोय करतो आम्ही." ते हसायला लागले. डॉक्टरांच्या गठ्ठ्यांना आता वेगळा पांढरा चिमटा लावायचा, हे मौनीने तिथल्या तिथे ठरवलं. मला विचारलं नाही. मला कुणीच काही विचारलं नाही.

आत जाऊन पिशव्या मोजत बसले.

२४ मार्च

लेकीचं झालं. मागच्या खोलीचं दार लावून तासभर पडद्याशी बोलली. आम्ही चौघी दाराबाहेर. थोरलीने तर सुकवायचं मशीन बंद केलं, ऐकू येत नाही म्हणून. भराभर बोलली नाही. मध्येच एका साहेबाचा आवाज आला, "त्या टेबलक्लॉथचं पुन्हा एकदा सांगा." टेबलक्लॉथचं!

बाहेर आली, गाल लाल. म्हणाली, प्रोग्रामचा एक छोटा भाग आधी त्या मधल्या रीतीवर नेऊन बघायचाय, आणि तो तिनेच करायचाय. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण चावीबद्दल नाही बोलले मी. शप्पथ."

म्हटलं, बोलायला हवं होतंस. तेच तर सगळ्यात महत्त्वाचं.

दवाखान्यात मीच फोन केला. सव्वीस तारीख दुसऱ्या कुणाला गेली होती, अठ्ठावीस मिळाली. हो म्हटलं आणि फोन लेकीच्या हातात दिला, परत मागायचा नाही अशा बोलीवर.

२७ मार्च

उद्या. भीती सुईची नाही. खरं लिहायचं तर दोन्ही बाजूंनी भीती वाटते. दुकान बुडालं तर काय. आणि नाही बुडालं तर मग मी कशाला.

थोरलीला सतराशे साठ सूचना दिल्या. ती म्हणाली, "ताई, जीव घेऊ नका. हात नीट करून या."

२९ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायाचं.

काल दिवसभर दुकानातून कुणाचा फोन नाही. आज दुपारी राहवलं नाही, मीच केला. लांबडीने उचलला. म्हटलं, मी बोलतेय. म्हणाली, "ताई, जरा थांबा हं, गिऱ्हाईक आहे." आणि फोन टेबलावर ठेवून गेली, ती आलीच नाही.

मी थांबले. मशीन फिरत होतं. कुणीतरी पिशवी फडफडवली. मग मौनीचा आवाज. कुणाला तरी काहीतरी सांगत होती, चांगली लांबलचक. फोन कानाला लावून मी तशीच पडून राहिले. केव्हा झोप लागली कळलं नाही.